भेटीचा रविवार

आमच्या तुकडीने शाळा सोडली त्याला 2024 मध्ये 25 वर्षे झाली, त्यानिमित्त मेळावा भरवायचे ठरले आणि जमाखर्चाची जबाबदारी माझ्याकडे आली. वर्गणी माणशी 2,000 रुपये ठरली. तीन-चार दिवसांत बहुतेकांचे पैसे जमा झाले आणि मग एका संध्याकाळी आमच्यातील एकाने, जो आता हैदराबादला मोठ्या पदावर आहे, गटावर लिहिले की ज्यांना सध्या अडचण असेल त्यांनी जराही संकोच करू नये, त्यांची वर्गणी तो भरेल आणि नाव कोणालाही कळणार नाही. खाली जोडलेले हात आले, फुले आली, कोणी 'हीच आपली शाळा' असे लिहिले. त्याने ते मनापासून लिहिले होते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या खात्यावर 1,000 रुपये आले. पाठवणारीचे नाव माझ्या अगदी जवळचे होते, आणि शेऱ्याच्या जागी तिने लिहिले होते, 'पहिला हप्ता. दुसरा एक तारखेनंतर.' बाकीच्या सगळ्यांना तिचे पैसे दिसणार नव्हते आणि दिसले असते तरी त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणाला वाटले नसते. मी मात्र बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिले, कारण या दोघांच्या चिठ्ठ्या एकेकाळी माझ्या हातून गेल्या होत्या.

आमची शाळा मराठवाड्यातील एका जिल्ह्याचे नवोदय विद्यालय. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून या शाळा देशभर उभ्या राहिल्या, आणि त्याआधी प्रयोग म्हणून ज्या दोन शाळा सुरू झाल्या त्यांतील एक आपल्या अमरावतीची होती. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, निवड झाली तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण, कपडे, पुस्तके सगळे शाळेचे. तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी, हा नियम कागदावर वाचताना कोरडा वाटतो. 1992 च्या पावसाळ्यात मी ज्या दालनात माझी पेटी घेऊन शिरले तिथे त्या नियमाचा अर्थ लोखंडी पलंगांच्या दोन रांगांमध्ये समोर उभा होता. एकीचे वडील तालुक्याच्या गावी दवाखाना चालवत, एकीचे बँकेत होते, एकीची आई अंगणवाडीत होती, तिघी-चौघी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुली होत्या, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मास्तरांची मुलगी होते आणि माझ्या शेजारच्या पलंगावर जी मुलगी आली तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जात. अकराव्या वर्षी आम्हाला हे फरक नावाने सांगता आले नसते. पण पहिल्याच रात्री कोणाच्या पेटीत घरून दिलेली नवी रजई आहे आणि कोणाच्या पेटीत आईच्या लुगड्याची वाकळ आहे हे प्रत्येकीने पाहून ठेवले होते.

शाळेने आपल्या बाजूने फरक पुसण्याचे काम फार मनापासून केले, हे मला आधी लिहायला हवे. शिंपी शाळेतच येऊन मापे घेत असे. महिन्याच्या महिन्याला साबण, खोबरेल तेल, दंतमंजन, बुटांचे पॉलिश सर्वांना सारखे मिळे. मेसमध्ये एकाच पातेल्यातील वरण सर्वांच्या ताटात पडे, आणि वाढपाच्या पाळ्या डॉक्टरांच्या मुलीलाही चुकत नसत. माझे वडील 1960 च्या दशकात तालुक्याच्या बोर्डिंगात राहून शिकले, तिथे मुलांचे डबे गावाकडून एसटीने येत, आणि डब्याचे झाकण उघडले की कोणाच्या घरी गहू पिकतो आणि कोणाच्या घरी नुसती ज्वारी, हे सगळ्या खोलीला कळे. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग काढले आणि ते चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही गोष्ट वडील आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. पहिल्यांदा ते मला भेटायला आले तेव्हा मेसच्या खिडकीतून आत पाहत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "एक ताट आहे तुमचं. हे लहान काम नाही." त्यांचे म्हणणे मला आजही पूर्ण खरे वाटते, आणि म्हणूनच त्या ताटाच्या बाहेर काय काय उरत होते तेही तितक्याच खरेपणाने सांगावेसे वाटते.

उरत होते ते दोरीवर. मुलींच्या वसतिगृहामागे कपडे वाळत घालायच्या तारा होत्या आणि त्यांवर गणवेश सगळे एकसारखे लटकत. आतले कपडे मात्र शाळा देत नसे. कोणाचे दुकानातून आणलेले, कोणाचे घरी शिवलेले, कोणाचे थोरल्या बहिणीचे उसवून लहान केलेले. सातवी-आठवीत पाळी सुरू झाल्यावर त्या तारांचा एक कोपरा असा ठरून गेला की तिथे काही मुली आपल्या कापडाच्या घड्या ओढणीखाली झाकून वाळवत आणि काही मुलींना त्या कोपऱ्याकडे जाण्याची गरजच पडत नसे, कारण त्यांच्या आया भेटीला येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडे घेऊन येत. माझी मैत्रीण पावसाळ्यात पहाटेच्या पीटीच्या आधी उठून त्या घड्या इस्त्रीवाल्या ताईंच्या खोलीत नेऊन ठेवी. याबद्दल आम्ही दोघी कधी एक शब्द बोललो नाही. मी फक्त अंथरुणातून उठून तिच्यासाठी दार धरून उभी राहत असे, कारण ते दार वाजायचे.

आणि उरत होते ते रविवारी. महिन्यातील भेटीच्या रविवारी सकाळपासून फाटकाबाहेरच्या लिंबांच्या सावलीत माणसे जमायला लागत. स्कूटर, जीप, एसटीतून उतरून आलेली कुटुंबे, पसरलेल्या सतरंज्या, उघडलेले डबे, शेंगदाण्याच्या चटणीचा आणि तळलेल्या पुऱ्यांचा वास आतल्या मैदानापर्यंत येई. ज्यांच्याकडे कोणी येणार नसे त्या मुली नेमका हाच वेळ केस धुण्यासाठी आणि कपड्यांसाठी काढून ठेवत. नळावर बादल्या लावून, साबणाचा फेस कोपरापर्यंत चढवून त्या इतक्या कामात असत की त्यांना फाटकाकडे पाहायला सवड नसे. मला हे समजायला दोन वर्षे गेली. माझे वडील दोन-तीन महिन्यांतून एकदा येत, त्यामुळे मी कधी सतरंजीवर असे आणि कधी नळावर. माझी मैत्रीण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कायम नळावर.

तिच्या घरचे वेळापत्रक कारखान्याच्या धुराड्यावर चाले. दसऱ्याच्या आसपास मुकादम टोळी उचलून सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकाच्या बाजूला नेई आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपले की माणसे परत येत. घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत खाडा करायची सोय नसे. दिवाळीच्या सुट्टीत बाकीच्या मुली घरी जात तेव्हा तिच्या घराला कुलूप असे. मग ती आजीकडे राही, आणि आठवीच्या वर्षी आजी आजारी होती म्हणून ती थेट फडावर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पानांनी चिरलेल्या बारीक रेघा होत्या. रात्री दिवे गेल्यावर तिने मला सांगितले की ट्रक कधीही येतो, दोन वाजता, तीन वाजता, आणि आला की झोपेतून उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे. थंडीत पाचटावरचे दव अंगावर सांडते. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, डोके वर करून उभे राहता येत नाही. तिने हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. तिला आईसोबत तीन आठवडे राहायला मिळाले होते आणि तो आनंद तिच्या आवाजात होता. ती येताना बाटलीभर काकवी घेऊन आली होती, आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तिने ती आमच्या संपूर्ण टेबलावर वाटली, प्रत्येकीच्या पोळीवर स्वतःच्या हाताने ओतली, आणि कोणी 'आणखी' म्हटले की तिचा चेहरा उजळत असे.

आमच्या मैत्रीची सुरुवात मात्र त्याही आधीची, 30 सप्टेंबर 1993 ची. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती, आम्ही सातवीत होतो, आणि पहाटे चारच्या सुमारास पलंग फरशीवर सरकू लागले. भूकंपाचे केंद्र असलेली किल्लारी आमच्यापासून बरीच दूर असूनही पेट्यांची कुलुपे वाजत होती. सगळ्या वसतिगृहांतील मुले-मुली मैदानावर पळाली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसली. शाळेच्या सात वर्षांत मुले आणि मुली एकाच जमिनीवर, रांगेशिवाय, अंगावर मिळेल ते पांघरूण घेऊन बसल्याची ती एकमेव रात्र. मी आणि ती तिच्या त्या वाकळीखाली होतो. वाकळीला चुलीच्या धुराचा वास होता. आमच्यापासून दोन हातांवर एक मुलगा त्याच्या धाकट्या खोलीसोबत्याला थोपटत होता. तालुक्याच्या डॉक्टरांचा मुलगा, आमच्याच वर्गातला. तिने त्याला त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिले असे ती मला पुढे म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पालक येऊ लागले. फोन लागत नव्हते, किल्लारीच्या बातम्या रेडिओवर येत होत्या आणि प्रत्येक आईबापाला आपले मूल डोळ्यांनी पाहायचे होते. डॉक्टरकाका सकाळी नऊलाच जीप घेऊन आले आणि त्यांनी नुसत्या आपल्या मुलाची नव्हे, भेदरलेल्या सगळ्या लहान मुलांची विचारपूस केली, गोळ्या दिल्या. बँकेतले, मास्तर लोक दुपारपर्यंत आले. माझे वडील संध्याकाळच्या गाडीने आले. तिचे वडील तिसऱ्या दिवशी आले, मिळेल त्या वाहनाने आणि पुढे पायी. ते सावलीत बाकीच्या पालकांजवळ बसले नाहीत. फाटकाशी उभे राहून त्यांनी पहारेकऱ्याला विचारले, ती धावत गेली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ बोलले आणि लगेच परत फिरले. उशिरा येणाऱ्या बापाची काळजी कमी होती असे म्हणण्याची कोणाची हिंमत होईल? तरीही त्या तीन दिवसांत आम्हा मुलांना आपापल्या घराचे शाळेपासूनचे खरे अंतर कळले, आणि ते किलोमीटरमध्ये मोजायचे नव्हते.

त्या दोघांचे जे काही होते त्याला प्रेम म्हणावे का, असा प्रश्न मोठी माणसे विचारतात. मी म्हणते. आठवीच्या मध्यावर त्याने माझ्या भूमितीच्या वहीत पहिली चिठ्ठी ठेवली, कारण वर्गात मी दोघांच्या मधल्या बाकावर होते. पुढे त्या चिठ्ठ्या नियमाने येऊ लागल्या. त्यांत काय असे? उद्या प्रार्थनेला बातम्या कोण वाचणार, खोखोच्या सामन्यात ती पडली तेव्हा गुडघ्याला किती लागले, 'तू काल मेसमध्ये भात का घेतला नाहीस'. एवढेच. एकाही चिठ्ठीत मोठा शब्द नव्हता. पण आपण भात घेतला की नाही हे कोणीतरी पाहत आहे ही गोष्ट घरापासून दूर राहणाऱ्या मुलीसाठी किती मोठी असते, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ती उत्तर नेहमी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून परत देई. मला वाटे, कागद वाचवते. खूप पुढे लक्षात आले की अशा रीतीने तिच्याजवळ एकही कागद कधी शिल्लक राहत नव्हता. त्याच्याकडे मात्र सगळे कागद जमत होते, आणि ते त्याने पेटीच्या तळाशी जपून ठेवले होते, कारण ते सापडले तर काय होईल याचा विचार त्याला करावा लागत नव्हता.

त्याची आई फार चांगली बाई होती. भेटीच्या रविवारी ती मुलाच्या मित्रांसाठी डिंकाचे लाडू, शेव, चिवडा वेगळा बांधून आणी, आणि 'ज्यांचं कोणी आलं नसेल त्यांना बोलव' असे त्याला सांगे. तो बोलवायचा. मुले आनंदाने जात. त्याने एकदा माझ्यामार्फत तिलाही निरोप पाठवला. ती नळावर होती. तिने माझ्याकडे न पाहता सांगितले, "कपडे राहिलेत म्हणावं." मी तिला आग्रह केला नाही. लाडू खायला तिची हरकत नव्हती. तोच लाडू सोमवारी वर्गात त्याने सगळ्यांना वाटला तेव्हा तिने घेतला आणि चवीने खाल्ला. सतरंजीवर जाऊन, कोणी आलेले नाही अशी मुलगी म्हणून खाणे तिला मान्य नव्हते. चांगुलपणा करणाऱ्याला तो करताना हे कळणे कठीण असते, आणि मला त्या बाईंबद्दल आजही आदर आहे. तरी देणाऱ्याच्या वाक्यात घेणाऱ्याचे वर्णन आधीच लिहिलेले असते, आणि घेणाऱ्याला पहिल्यांदा ते वर्णन स्वीकारावे लागते.

नववीत मायग्रेशन असते. वर्गातली सुमारे 30 टक्के मुले एका वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातील नवोदयात जातात आणि तिकडची मुले आपल्याकडे येतात. त्याचे नाव यादीत आले आणि 1995 च्या उन्हाळ्यानंतर तो मध्य प्रदेशात गेला. मुलींच्या नावची पत्रे हाउसमिस्ट्रेस मॅडमच्या हातून येत, म्हणून त्याच तुकडीतून गेलेली आमची एक मैत्रीण पाकिटावर स्वतःच्या अक्षरात माझे नाव घाली आणि आत तिच्या पत्राच्या घडीत त्याचे पत्र असे. लांबलचक पत्रे. तिकडची थंडी, सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, आपल्या मराठी उच्चारांना हसणारी आणि मग रात्री गणित समजावून घ्यायला येणारी तिकडची मुले. घरापासून लांब गेल्यावर त्याला पुढचे दिसायला लागले होते. एका पत्रात त्याने लिहिले की बारावीनंतर दोघांनी पुण्याला शिकायला जायचे, तिने कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कुठे राहावे, रविवारी कुठे भेटायचे, हे सगळे त्याने ठरवले होते. आम्ही दोघींनी ते पत्र पाण्याच्या टाकीमागे बसून वाचले. तिने ते दोनदा वाचले. मग मला विचारले, "पुण्याला राहायला महिन्याला किती लागतं गं?"

मला माहीत नव्हते. त्यालाही बहुधा माहीत नसावे. त्या वयात ज्यांना माहीत नसले तरी चालते आणि ज्यांना विचारावेच लागते, अशा दोन प्रकारची मुले एकाच बाकावर बसून एकच धडा शिकत होती. आमच्या मैत्रीला शाळेचे आवार पुरेसे होते. टाकीची मागची भिंत, मेसचे टेबल, दोन पलंगांमधली जागा एवढ्यात ती पूर्ण होती, आणि त्या जागेत आम्ही खरोखर सारख्या होतो. प्रेम मात्र लगेच उद्याचे बोलू लागते, आणि उद्या म्हटले की फाटक ओलांडावे लागते, आणि फाटकाबाहेर त्याचे घर दोन मजली होते आणि तिच्या घराला कुलूप होते.

दहावीच्या वर्षी आमच्या वरच्या वर्गातील एका जोडीची चिठ्ठी सापडली. मुलाला ओरडा बसला, त्याच्या वडिलांना बोलावणे गेले, त्याने माफीचा कागद लिहून दिला आणि आठवड्याभरात तो नेहमीसारखा व्हॉलीबॉल खेळत होता. मुलीचे वडीलही आले. शाळेने तिला काढले नव्हते, उलट प्राचार्यांनी त्यांना पुष्कळ समजावले, पण त्यांनी हट्टाने दाखला मागून घेतला आणि मुलीला पेटीसकट घेऊन गेले. उन्हाळ्यात तिचे लग्न झाल्याचे कळले. मुलीच्या लग्नाला 18 वर्षांची अट कायद्याने 1978 पासून आहे, आणि आमच्या भागात सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी प्रत्येक गल्लीत होती. ऊसतोडीच्या घरांत तर त्यामागे आणखी एक हिशेब असे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकट्या मुलाला कोयता मिळत नाही, आणि वयात आलेली मुलगी कोपीवर एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून दोन्ही घरांना लवकर लग्न सोयीचे होते. माझ्या मैत्रिणीच्या दोन चुलत बहिणी अशाच गेल्या होत्या. ती शाळेत होती म्हणूनच तिच्या लग्नाचा विषय घरात निघत नव्हता. एक चिठ्ठी, एक निरोप, एक बोलावणे, एवढ्याने तो निघाला असता.

ती पेटी फाटकातून बाहेर गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, अभ्यासिका सुरू होण्याआधी, तिने त्याला माझ्यासमोर सांगितले, "आता चिठ्ठी देऊ नकोस." त्याने विचारले, का. ती म्हणाली, "बोर्डाचं वर्ष आहे." तो माझ्याकडे पाहू लागला. मी खाली वहीत पाहत होते. त्यानंतर बारावीपर्यंत ती दोघे एकाच वर्गात होती, आणि तिने त्याच्याशी कधी कडवटपणा केला नाही, पण चिठ्ठी परत कधी घेतली नाही. त्याला वाटले ती गर्विष्ठ आहे. मुलांमध्ये तसे बोलले गेले. तिला ते कानावर आले तेव्हा ती काही बोलली नाही, आणि त्या रात्री ती लवकर झोपली असे दाखवत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचे दुःख त्याच्या दुःखापेक्षा कमी होते असे कोणी समजू नये. तिला ते दाखवायची मुभा नव्हती, कारण तिचे रडणेसुद्धा कोणीतरी घरी कळवले असते.

किशोरवयातल्या प्रेमाबद्दल मोठी माणसे बोलतात तेव्हा 'वयच तसे असते' असे म्हणून विषय संपवतात, मग ती रागावणारी असोत की समजूतदार. मला हे वाक्य अपुरे वाटते. वय दोघांचे सारखेच होते. ज्या गोष्टीसाठी एकाला ओरडा मिळतो त्याच गोष्टीसाठी दुसरीची शाळा जाते, हे त्या वयामुळे होत नाही. आज वसतिगृहांत मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोलले पाहिजे असे म्हणतात आणि ते योग्यच आहे, पण बोलणाऱ्याने हेही माहीत करून घ्यावे की समोर बसलेल्या 40 जणांपैकी कोणाच्या घरी निरोप गेला तर काय घडेल. निरोप पाठवायचा की नाही, हे त्यावरून ठरावे. आमच्या वेळी कोणतेही शुल्क नव्हते. आता नववीपासून पुढे महिन्याला 600 रुपये विकास निधी असतो, सरकारी नोकरांच्या मुलांसाठी 1,500 पर्यंत, आणि मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी व दारिद्र्यरेषेखालील मुले यांना तो माफ आहे. ही व्यवस्था न्याय्य आहे. फक्त कोणाला माफ आहे याची यादी फलकावर लागू नये असे मला फार वाटते, कारण मुले याद्या वाचतात आणि रात्री दिवे गेल्यावर त्यांवर विचार करतात.

मेळाव्यात तो मला भेटला. जेवणानंतर जुन्या वर्गखोल्यांकडे चालत असताना त्याने विचारले की तेव्हा नेमके काय झाले होते. त्याच्या प्रश्नात तक्रार नव्हती. त्याचा संसार सुखाचा आहे, मुलगी दहावीत आहे, आणि ती त्या वयात आल्यापासून त्याला ते वर्ष वारंवार आठवते असे तो म्हणाला. त्याने ते कागद केव्हाच नष्ट केले होते, पण मागच्या बाजूचे अक्षर आठवते म्हणाला. मला सगळे माहीत होते आणि मी सांगितले नाही. ते तिचे आहे, तिला वाटले तर ती सांगेल, असे म्हणाले. त्याने मान डोलावली. मग तो मला म्हणाला, "माझं ते वर्गणीचं लिहिणं तिला आवडलं नसेल, नाही का?" इतक्या वर्षांनी त्याला हे सुचले याचा मला आनंद झाला, आणि ते सुचायला इतकी वर्षे लागली याचे वाईटही वाटले. या दोन भावनांपैकी कोणती अधिक खरी हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ती मेळाव्याला आली नाही. तिची रात्रपाळी होती. बारावीनंतर तिने नर्सिंग केले आणि आता ती एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी पद्धतीने काम करते, आईवडील तिच्याजवळ असतात, वडिलांची कंबर मोळ्यांनी गेली आहे, भावाच्या मुलांच्या शिक्षणाचे ती पाहते. लग्न तिने उशिरा आणि स्वतःच्या पसंतीने केले. मी तिला फोनवर त्याचा प्रश्न सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्याला सांग, आवडायचा तो मला. त्यात खोटं काही नव्हतं. आणि पैशाचं त्यानं मनावर घेऊ नये, माझा पगार उशिरा होतो, बाकी काही नाही." मी विचारले, त्याच्याशी बोलायचे आहे का. ती म्हणाली, "बोलेन की कधीतरी. घाई काय आहे." तिच्या आवाजात मला अढी ऐकू आली नाही. मग तिने विषय बदलला, म्हणजे तिच्या दृष्टीने मुख्य विषयावर आली. तिची भाची पाचवीत आहे आणि तिने नवोदयची परीक्षा दिली आहे. गणित बरे गेले, भाषेचा उतारा अवघड होता. लागली तर तिला पाठवायचे हे घरात ठरले आहे. फक्त आता भेटीचा रविवार महिन्यातला कितवा असतो, एवढे शाळेत विचारून मला कळव, म्हणाली, म्हणजे त्या दिवशी पाळी नको असे ती आत्तापासूनच सांगून ठेवेल.